पीएफटीच्या खोलीत नव्याने रुजू होताना

सांगली-मिरजेत पीएफटी (फुप्फुसांच्या क्षमतेची फुंकून करायची चाचणी) करायला बसलात की पेशंट कुठले येतात ते आठवड्याभरात कळतं. मार्केट यार्डात हळदीच्या धुळीत पोती उचलणारे हमाल, विट्याकडचे मागावरचे कामगार, चुलीपुढे जन्म काढलेल्या आजी, बिडीवाले आजोबा. छाती पूर्ण भरून एका दमात रिकामी करा असं यातल्या कुणाला आधी कधी सांगितलेलं नसतं. ते करून घेणं हेच तुमचं खरं काम. आकडे मशीन काढतं.

सकाळी पहिलं कॅलिब्रेशन, म्हणजे मशीनचं माप तपासणं. 3 लिटरची सिरिंज मंद, मध्यम आणि वेगात ढकला. तिन्ही वेळा रीडिंग 2.91 ते 3.09 मध्ये यायला हवं. सिरिंज उन्हातल्या खिडकीत ठेवू नका. हवेचा दाब हाताने भरायचा असेल तर 760 तसाच सोडू नका. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथे तो पाऱ्याच्या 710 मिमीच्या आसपास असतो. आणि पंखा! मशीन शून्य घेत असताना सेन्सरवर झोत आला की फुंकणं थांबल्यावरही आकडा चढत राहतो आणि एफव्हीसी (पूर्ण भरलेल्या छातीतून जोरात बाहेर काढलेली एकूण हवा) खोटीच फुगते.

उंची चप्पल आणि पटका उतरवून मोजा, विचारून लिहू नका. पाच सेंटिमीटर चुकले तर अपेक्षित एफव्हीसी पाव लिटरच्या घरात सरकते. कुबड असेल तर दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि 1.06 ने भागा. आठवड्याच्या आत हार्ट अ‍ॅटॅक किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन, चार आठवड्यांत छाती-पोटाचं ऑपरेशन, थुंकीतून रक्त, टीबीचा संशय, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घट्ट बसणारी कवळी तोंडातच राहू द्या, ओठ नीट आवळले जातात. तंबाखू मात्र थुंकून चूळ भरायला लावा.

खुर्ची हाताची, बिनचाकांची. जोर लावताना भोवळ येते. नाकाला क्लिप. ‘फुंका’ म्हटलं की काकू गाल फुगवून फुंकणीत फुंकल्यासारखं करतात. म्हणून आधी स्वतः करून दाखवा. ‘भरा, भरा, अजून भरा... आणि सोडा जोरात!’ मधे थांबू देऊ नका. पुढे ‘अजून, अजून, अजून’ हे आवाज चढवूनच म्हणायचं, लाजून चालत नाही. शेवटच्या एका सेकंदात 25 मिलीपेक्षा कमी हवा आली किंवा 15 सेकंद झाले की थांबवा.

आता हवेच्या वेगाचा आलेख बघा, टक्केवारी नंतर. चांगल्या प्रयत्नाचं टोक सुरुवातीलाच, टोकदार येतं. टोक बोथट असेल तर सुरुवात रेंगाळली. पहिल्या सेकंदात दातरे दिसले तर खोकला, तो प्रयत्न बाद. रेघ शेवटी उभी कोसळली तर पेशंटने मधेच सोडलं. एफव्हीसी कमी येते आणि नसलेलं रिस्ट्रिक्शन (फुप्फुसात हवा कमी मावणं) दिसतं. चांगले तीन प्रयत्न हवेत, त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन एफईव्ही-1 (पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा) मध्ये आणि दोन एफव्हीसीमध्ये 150 मिलीपेक्षा जास्त फरक नको. मोठ्या माणसाला आठापेक्षा जास्त वेळा फुंकायला लावू नका, तोवर तो थकलेला असतो.

समजा एफव्हीसी 3.10, एफईव्ही-1 1.74. एफईव्ही-1 भागिले एफव्हीसी हे गुणोत्तर 0.56, म्हणजे श्वासनलिकांत अडथळा. स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचे 100 मायक्रोग्रॅमचे चार पफ एकेक करून द्या, 10 ते 15 मिनिटं थांबा. नंतर एफईव्ही-1 2.04 आला तर वाढ 300 मिली, 17 टक्के. जुन्या निकषाने (12 टक्के आणि 200 मिली) प्रतिसाद चांगला. नव्या निकषात वाढ अपेक्षित मूल्याच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लागते, त्यामुळे रिपोर्टवर कोणता निकष लावला ते लिहा. मात्र पेशंटने सकाळीच घरचा पंप ओढला असेल तर ही तुलनाच बिघडते. सालब्युटामॉल चार ते सहा तास आधी बंद हवं, लांब टिकणारी औषधं एक ते दोन दिवस, तीही डॉक्टरांना विचारून.

पंचाहत्तरीतल्या आजोबांचं गुणोत्तर 0.68 आलं म्हणून लगेच सीओपीडी (श्वासनलिकांतल्या अडथळ्याचा जुनाट आजार) म्हणू नका, वयानुसार ते घटतं, त्या वयाच्या निरोगी माणसांची खालची मर्यादा (झेड-स्कोर, म्हणजे सरासरीपासूनचं अंतर, −1.645) बघा. एफव्हीसी कमी आणि गुणोत्तर नॉर्मल असेल तर फक्त ‘रिस्ट्रिक्शनची शक्यता’ लिहा, खात्री टीएलसी (फुप्फुसात मावणारी एकूण हवा) मोजल्यावरच. त्याआधी सेटिंगमध्ये अपेक्षित मूल्यं कुणाची निवडलीत ते तपासा. युरोपियन लोकांची असतील तर धडधाकट हमालाचंही फुप्फुस लहान दिसतं.