ज्यू प्रार्थनेतली रोजची स्तोत्रं : या चुका टाळा

तेहिलीम म्हणजे बायबलमधली 150 स्तोत्रं. रोजच्या ज्यू प्रार्थनेत ती पानोपानी भेटतात, आणि नव्याने म्हणायला बसलेला माणूस अडखळतो तोही तिथेच. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, घरात मराठी बोलणारे. त्यातही देवनागरीत लिहून घेतलेल्या हिब्रूवर ज्याचं शिक्षण झालं, तो जरा जास्तच अडखळतो.

सगळ्यात मोठी चूक घाईची. सकाळी 145 ते 150 ही सहा स्तोत्रं ओळीने येतात, आणि पाठ झाली की जीभ आपोआप धावू लागते. यातलं 145वं, म्हणजे आपलं ‘अश्रे’, दिवसातून तीनदा म्हणतात : सकाळी दोनदा, दुपारच्या प्रार्थनेत, म्हणजे मिनहात, एकदा. त्याची सोळावी ओळ ‘पोतेआह एत यादेखा’. तू हात उघडतोस आणि प्रत्येक जिवाला तृप्त करतोस, असा तिचा अर्थ. तो मनात न आणता ओळ म्हटली, तर ती म्हटली असं धरत नाहीत. माझे आजोबा इथे थांबायचे, दोन्ही तळवे वर करून उघडायचे आणि मगच ओळ उच्चारायचे. लहानपणी मला ते थांबणं फार लांब वाटे. आता माझेही तळवे तिथे उघडतात.

लक्ष नसताना ओळ निघून गेली, तर मागे या आणि तिथून स्तोत्राच्या शेवटापर्यंत पुन्हा म्हणा. प्रार्थना संपल्यावर आठवलं, तरी तेवढा भाग म्हणून घ्या.

उशिरा पोहोचलात? मग सगळं भराभर उरकू नका. ‘बारूख शेआमार’ (या स्तोत्रांआधीची स्तुती), ‘अश्रे’ आणि ‘यिश्ताबाह’ (त्यांच्यानंतरची स्तुती) एवढं म्हणा. वेळ उरला तर आधी 150वं घ्या, मग 148वं. म्हणजे आमिदाला, उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेला, सगळ्यांबरोबर उभं राहता येतं. थोडं पण मन लावून केलेलं बरं, हे ‘शुलखान आरूख’ हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ अगदी सुरुवातीलाच सांगतो. आणि ‘बारूख शेआमार’ सुरू झालं की गप्पा बंद.

प्रत्येक वाराचं एक ठरलेलं स्तोत्र असतं; त्यांत आकडा चढत जातो असं धरून चालू नका. रविवारी 24, सोमवारी 48, मंगळवारी 82, बुधवारी 94, गुरुवारी 81, शुक्रवारी 93, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, 92. यरुशलेमच्या मंदिरात लेवी, म्हणजे तिथले सेवेकरी-गायक, याच क्रमाने गात; मिश्ना या जुन्या धर्मनियमसंग्रहात तशी नोंद आहे. मंगळवार-गुरुवारची अदलाबदल मी फार वेळा ऐकली आहे.

मराठी बायबल शेजारी ठेवून शिकत असाल, तर ओळींचे आकडे जुळवत बसू नका. हिब्रूत पुष्कळदा स्तोत्राचा मथळाच पहिली ओळ धरतात. म्हणून 92व्या स्तोत्रात तिथे 16 ओळी, मराठीत 15.

इस्राएलमध्ये अश्कनाझी (मूळच्या युरोपीय ज्यूंच्या) सिनेगॉगमध्ये गेलात आणि ताहनूनला, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थनेत, 25व्या स्तोत्राऐवजी 6वं ऐकू आलं, तर कोणाला दुरुस्त करू नका. ती त्यांची रीत आहे.

‘अश्रे’ शिकणारी मुलं हमखास विचारतात, पुस्तकात एक ओळ गळली आहे का? ओळी हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने आहेत, पण अक्षरं 22 आणि ओळी 21. ‘नून’ या अक्षराची ओळ नाही. तिथे काही जोडू नका. तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या ग्रंथात रब्बी (धर्मगुरू) योहानान सांगतात, आमोस संदेष्ट्याने इस्राएलच्या पडण्याची गोष्ट ‘नून’नेच सुरू केली, म्हणून ती ओळ नाही. आणि लगेच पुढची ‘सामेख’ची ओळ म्हणते, पडणाऱ्या सगळ्यांना देव सावरतो.