स्टेडियममधली बिअर: अमेरिकेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी

ऑगस्टच्या अखेरीस कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि लॅबमधले सोबती पहिल्याच महिन्यात तुम्हाला सामन्याला ओढून नेतील. जरूर जा. मात्र आत बिअर मिळते का, कुणाला आणि कुठवर, याचं उत्तर प्रत्येक विद्यापीठात वेगळं मिळेल, कारण यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं महागड्या बॉक्समध्ये दारू चालायची आणि साध्या बाकांवर बंदी असायची. मग लोक बाहेर टेलगेटला, म्हणजे सामन्याआधी गाडीपाशी जमणाऱ्या खाण्यापिण्याच्या मैफलीत, भरपूर पिऊन आत यायचे, जिथे परवानगी असेल तिथे हाफटाइमला बाहेर जाऊन पुन्हा पिऊन यायचे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०११ मध्ये आत बिअर विकायला घेतली आणि त्याच वेळी हाफटाइमची ये-जा बंद केली. पोलिसांकडे जाणारी प्रकरणं घटली, त्यामुळे विक्रीच्या बाजूचे लोक आजही हाच दाखला देतात. ओहायो स्टेटने २०१६ मध्ये स्टेडियमभर विक्री सुरू केली. एसईसी या दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने २०१९ मध्ये सरसकट बंदी उठवून निर्णय विद्यापीठांवर सोपवला. मिशिगनमध्ये राज्याचा कायदाच आड येत होता. तो २०२३ मध्ये बदलला आणि पुढच्या वर्षी मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बरमधल्या स्टेडियममध्ये बिअर आली. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ती मिळत नाही, कारण ते मॉर्मन चर्चचं आहे.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. पदवीचे बहुतेक विद्यार्थी २१ च्या आतले असतात आणि सामन्यानंतर हजारो गाड्या एकदम रस्त्यावर येतात. आमचं मत असं, की बाहेर घटाघट पिण्यापेक्षा आत मोजून मिळणं बरं. पण हाफटाइमचं दार बंद हवं आणि विक्री वेळेत थांबायला हवी. उत्पन्नापायी यातली एक अट जरी सैल केली, तरी विक्रीच्या बाजूचा सगळा युक्तिवाद कोसळतो.

एसईसीने २०१९ मध्ये घातलेल्या अटी बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने दिसतात: प्रत्येक खरेदीला ओळखपत्र, एका वेळी ठरावीक ग्लास (बहुधा दोनच), बाकांमध्ये फिरून विक्री नाही आणि सामन्याच्या चार भागांतला तिसरा (क्वार्टर) संपला की काउंटर बंद. तुमच्या स्टेडियमचे नियम अ‍ॅथलेटिक्स विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

आता ओळखपत्र. महाराष्ट्रात कायद्याने बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं लागतात. इथे सगळ्यालाच २१. विद्यापीठाचं कार्ड वयाचा पुरावा म्हणून चालत नाही, भारतातलं लायसन्सही सहसा नाही. पासपोर्ट चालतो, पण आपल्याकडची बरीच मुलं नेमकी इथेच अडकतात. आपल्या पासपोर्टवर आधी दिवस, मग महिना. इथे आधी महिना वाचतात. ३ सप्टेंबर २००४ चा जन्म असेल तर छापलेलं ०३/०९/२००४ काउंटरवरची व्यक्ती ९ मार्च वाचते. अशा चुकीने २१ पूर्ण व्हायच्या आधी बिअर हातात आली, तरी गुन्हा तुमच्या नावावर लागू शकतो. उलट ९ मार्चवाल्याला २१ पूर्ण होऊनही परत पाठवतात. तेव्हा अमेरिकी व्हिसाचं पान उघडून दाखवा, तिथे महिना अक्षरांत छापलेला असतो.

खरं तर पासपोर्ट गर्दीत नेऊच नये. राज्याचं ओळखपत्र काढून घ्या, त्यासाठी गाडी चालवता यावी लागत नाही. देशात आल्यावर साधारण १० दिवस थांबा आणि विद्यापीठाने सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत) नोंद केल्याची खात्री करून मगच राज्याच्या परवाना कार्यालयात जा, नाहीतर पडताळणी अडकून दुसरी खेप पडते. पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला दाखला), आय-९४ (देशात शिरल्याची नोंद) आणि पत्त्याचा पुरावा न्या. कार्ड येण्याआधी मिळणारा तात्पुरता कागद बिअरसाठी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

प्रमाणाचा हिशेब नीट समजून घ्या. इथला एक 'ड्रिंक' म्हणजे ५ टक्क्यांची ३५५ मिली बिअर, म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल. स्टेडियममध्ये ७१० मिलीचे उंच कॅनही मिळतात. असा एक कॅन म्हणजे दोन ड्रिंक, आणि बिअर ७ टक्क्यांची असेल तर जवळपास तीन. शरीर तासाला साधारण एकच ड्रिंक निकालात काढतं. काउंटर बंद झाल्यावर सामना पाऊण-एक तास चालतो. तेवढ्या वेळात शेवटचा कॅन उतरत नाही. दुपारचं ऊन असेल तर जेवून जा आणि मधे पाणी प्या.

गाडी अजिबात चालवू नका. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के, युटा राज्यात ०.०५, आणि २१ च्या आतल्यांना जवळजवळ शून्य. दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली, तर दोष सिद्ध होण्याआधीच परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. तेवढ्याने इथलं शिक्षण लगेच थांबेलच असं नाही, पण घरी गेलात की परतण्यासाठी नवा व्हिसा आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी मागू शकतात. बहिणीच्या लग्नाला जावं की नाही, असा प्रश्न पडतो. शटल, बस किंवा न पिणारा मित्र आधीच ठरवून ठेवा.

पिशवी बहुतेक ठिकाणी पारदर्शकच लागते, साधारण १२ बाय ६ बाय १२ इंच. आई-बाबा सोबत असतील तर दारूमुक्त विभाग आहे का ते तिकीट घेतानाच विचारा.

कुणी हाक मारूनही जागं होत नसेल, श्वास संथ पडला असेल, तर ९११ लावा. मित्र २१ च्या आतला आहे म्हणून घाबरून थांबू नका. मदत बोलावणाऱ्याला बहुतेक राज्यांत कायद्याचं संरक्षण आहे. तोवर त्याला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका आणि कॉफी पाजू नका.