घोकंपट्टी सोडली, तेव्हा वैद्यकीय शब्द सुटायला लागले

नर्सिंग किंवा डीएमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षी शब्दांची यादी घोकून हाती काही लागत नाही. मी शब्द शेवटाकडून फोडतो: आधी प्रत्यय, मग उपसर्ग, मग मधला धातू. 'पेरिकार्डायटिस' घ्या. आयटिस म्हणजे दाह, पेरि म्हणजे भोवती, कार्ड म्हणजे हृदय. हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह.

स्पेलिंग बहुतेक वेळा बिघडतं जोडस्वर 'ओ'पाशी, म्हणजे शब्दाचे तुकडे जोडणाऱ्या स्वरापाशी. प्रत्यय स्वराने सुरू झाला की 'ओ' गळतो: गॅस्ट्रायटिस. व्यंजनाने झाला तर राहतो: गॅस्ट्रोस्कोपी. दोन धातूंच्या मध्ये मात्र पुढे स्वर असला तरी तो टिकतो, म्हणून गॅस्ट्रोएन्टरायटिस.

खरी गोची शस्त्रक्रियांच्या प्रत्ययांत. 'ऑटॉमी' म्हणजे छेद, 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणं, 'ऑस्टॉमी' म्हणजे नवं तोंड तयार करणं. कोलेक्टॉमीत मोठं आतडं, पूर्ण किंवा थोडं, काढतात. कोलोस्टॉमीत ते पोटावर उघडतात. वॉर्डात घाईघाईत उच्चारलं की दोन्ही सारखेच वाटतात, त्यामुळे फाइलवर लिहिण्याआधी विचारून घ्यावं, त्यात कमीपणा कसला!

इलियमची तर तऱ्हाच निराळी, कारण शब्द दोन (ileum आणि ilium), पण उच्चार एकच. स्पेलिंगच्या मधोमध 'ई' असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, 'आय' असेल तर कमरेचं हाड.