औषधांना न जुमानणारा टीबी: या चुका टाळा

रिपोर्टवर ‘एमडीआर’ दिसलं की घरातले आधी पेशंटलाच विचारतात, "गोळ्या बुडवल्यास ना?" पहिली चूक इथेच होते. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी म्हणजे एमडीआर. कळवा, मुंब्रा, दिघा, तुर्भे अशा दाट वस्तीत टीबीची एकही गोळी कधी न घेतलेल्या माणसालाही तो होऊ शकतो, कारण दुसऱ्याच्या खोकल्यातून तसा तयार जंतूच त्याच्यापर्यंत येतो. म्हणून बोल लावत बसू नका, घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या.

असा जंतू अशक्त असतो, फारसा पसरत नाही, असंही काही जण समजतात. औषधाला चुकवणारा बदल जनुकात झाला की कधी कधी त्याची वाढ मंदावते, हे खरं. पण पुढे आणखी बदल होऊन तो तोटा भरून निघतो आणि जंतू पुन्हा जोमाने पसरू लागतो. रशिया आणि आसपासच्या देशांत एमडीआरच्या फैलावाशी जोडला गेलेला ‘बीजिंग’ वंशाचा जंतू मुंबईतल्या नमुन्यांतही सापडला आहे.

खोकला दोन आठवडे हटत नसेल तर मेडिकलमधून लेव्होफ्लॉक्सासिन आणून खाऊ नका. हे एमडीआरच्या उपचारात लागणारं औषध आहे. चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि त्या औषधाची धार जाते.

तपासणीला बेडका द्यायचा, थुंकी नव्हे. डबीत फेसाळ पाणचट लाळ गेली तर छातीत जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, खिडकीपाशी किंवा मोकळ्या हवेत उभे राहा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून जोर लावून खोका. घट्ट, पिवळसर असं काही आलं तरच डबी बंद करा.

सीबीनॅट या बेडक्यातल्या जंतूच्या जनुक-चाचणीत ‘रिफाम्पिसिन सेन्सिटिव्ह’, म्हणजे ते औषध लागू पडतं असं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. नेहमीची सीबीनॅट चाचणी त्या एकाच औषधाचं सांगते. आयसोनियाझिडसाठी एलपीए ही दुसरी जनुक-चाचणी लागते, ती झाली का हे विचारा. आणि बरं झालं की नाही हे बघायला पुन्हा सीबीनॅट करू नका. त्यात मेलेले जंतूही पॉझिटिव्ह दाखवतात. त्यासाठी बेडक्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी किंवा कल्चर (जंतू वाढतात का ते बघणं) करतात.

माझ्या मते सगळ्यात घातक चूक म्हणजे गुण येत नाही म्हणून चालू गोळ्यांत एकच नवं औषध वाढवणं. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात आणि कुठल्याही एका औषधाला न जुमानणारे थोडे त्यांत आधीपासूनच असतात. सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात ती म्हणूनच: एकाला चुकवलेला जंतू दुसऱ्याने मरतो. जुनी औषधं निकामी झाली असतील तर नवं औषध एकटंच लढतं आणि काही आठवड्यांत तेही वाया जाऊ शकतं. महिना-दोन महिन्यांनीही ताप उतरत नसेल, वजन वाढत नसेल, तर आधी कोणतं औषध लागू आहे ते तपासायला सांगा, मगच गोळ्या बदला.

एपीएमसी या घाऊक बाजारातले कितीतरी माथाडी कामगार यात्रेला साताऱ्याकडे जातात, कोकणातली मंडळी गणपतीला आणि शिमग्याला. गोळ्या तिथेच तुटतात. निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रातून पुरेशा गोळ्या घ्या. मुक्काम लांबणार असेल तर निक्षय आयडीवरून, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी नोंदणी क्रमांकावरून, उपचार गावाकडच्या केंद्रात बदलून घेता येतात. काही अडलं तर टीबीची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-६६६६.

रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधूक झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एमडीआरसाठी २०२४ मध्ये भारतात मंजूर झालेल्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड असतं. गरजेप्रमाणे मॉक्सिफ्लॉक्सासिनही देतात. त्यातल्या लिनेझोलिडने पायांना मुंग्या येऊ शकतात. त्या लगेच सांगितल्या तर डॉक्टर डोस कमी करून कोर्स चालू ठेवू शकतात.