स्प्लिट कीबोर्ड बांधताय आणि मराठीत लिहिताय? मग या चुका टाळा

कॉर्न, सोफ्ले, लिली५८ किंवा फेरिस स्वीप यांपैकी एखादा दोन तुकड्यांचा कीबोर्ड स्वतः बांधायचा म्हटलं, तर मदतीला तोटा नाही. आराखडे खुले आहेत, क्यूएमके आणि झेडएमके ही फर्मवेअर (कीबोर्डच्या आत चालणारी सॉफ्टवेअर) फुकट मिळतात आणि या नादाला लागलेली मंडळी आपापले कीमॅप, म्हणजे कोणत्या बटणाने काय उमटायचं याचे तक्ते, मोकळ्या मनाने वाटतात. अडचण एवढीच की त्यातले बहुतेक कीमॅप इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित मांडणीत मराठी लिहिणाऱ्याने ते जसेच्या तसे उचलले, तर कीबोर्ड अगदी नीट बांधूनही काम अडतं, आणि मग बिचाऱ्या सोल्डरिंगवर संशय घेतला जातो.

बटणं मोजण्याआधी ‘ड’ कुठे जाणार ते बघा

स्वीपला ३४ बटणं, कॉर्नला ४२, सोफ्ले आणि लिलीला ५८. इंग्रजीची २६ अक्षरं ३४ बटणांतही आरामात बसतात. इन्स्क्रिप्टला मात्र उजव्या कडेला जास्त जागा लागते. पी बटणावर ‘ज’ असतो, त्याच्या शेजारच्या चौकटी कंसावर ‘ड’, त्यापुढे नुक्ता आणि उलट्या तिरक्या रेघेवर ‘ॉ’. मधल्या ओळीत अर्धविरामावर ‘च’ आणि त्याच्या शेजारी अवतरणचिन्हावर ‘ट’.

कॉर्नच्या मूळ कीमॅपमध्ये पीच्या शेजारी बॅकस्पेस बसवलेला आहे. सवयीने ‘गाडी’ लिहायला जा: ग उमटतो, काना लागतो, ‘ड’च्या जागी बोट पडताच काना पुसला जातो आणि शेवटी ‘गी’ उरतं. बटण खराब नाही, तिथे ‘ड’ नेमलेलाच नाही. बॅकस्पेस अंगठ्याकडे न्या आणि ती जागा चौकटी कंसाला द्या. ‘डॉक्टर’, ‘ऑफिस’ असे शब्द रोज लागतात, तेव्हा ‘ॉ’लाही खालच्या ओळीचा कोपरा द्यायला हरकत नाही. स्वीपवर एवढी सोय होत नाही. पहिलाच कीबोर्ड असेल आणि दिवसभर मराठी लिहायचं असेल, तर ५८ बटणांचाच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. कमी बटणांकडे नंतरही वळता येतं.

फर्मवेअरमध्ये कोलमॅक आणि संगणकात इन्स्क्रिप्ट

कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं अक्षर कोणतं करायचं हे संगणकावर निवडलेली भाषा ठरवते. फर्मवेअरमध्ये कोलमॅक ही इंग्रजी अक्षरांची वेगळी मांडणी भरली, की एसच्या जागेवरून आरचा क्रमांक जातो आणि डीच्या जागेवरून एसचा. आता मराठी निवडा: मात्रेच्या जागी दीर्घ वेलांटी येते, हलन्ताच्या जागी मात्रा. सगळी मांडणीच विस्कटते.

उपाय सोपा आहे. मराठीसाठी नेहमीच्या क्वर्टी मांडणीचा थर (त्याच बटणांना नेमलेला दुसरा संच) वेगळा ठेवा आणि भाषा बदलणाऱ्या बटणावरच तो थर सुरू-बंद करण्याचा मॅक्रो, म्हणजे एका दाबात होणारी कामांची मालिका, लावा. विंडोज आणि स्पेसबारच्या जोडीवर मात्र हा मॅक्रो बेतू नका. ती जोडी पुढची भाषा आणते, ठराविक भाषा नव्हे, त्यामुळे एकदा माउसने भाषा बदलली की थर आणि भाषा यांची फारकत होते. विंडोजमध्ये प्रत्येक भाषेला स्वतंत्र शॉर्टकट नेमता येतो, तो वापरा. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना ही अडचण येत नाही.

होम रो मॉड्स: खरी डोकेदुखी

बोटं जिथे विसावतात त्या मधल्या ओळीतलं बटण दाबून सोडलं तर अक्षर आणि धरून ठेवलं तर कंट्रोल किंवा शिफ्ट, अशी ही युक्ती. करंगळीचे हाल वाचतात, म्हणून ती फार लोकप्रिय आहे. नेहमीच्या एका मांडणीत डाव्या हाताला ए म्हणजे विंडोज, एस म्हणजे ऑल्ट, डी म्हणजे कंट्रोल आणि एफ म्हणजे शिफ्ट.

इंग्रजीत डी हे चारचौघांसारखं अक्षर आहे. इन्स्क्रिप्टमध्ये डी म्हणजे हलन्त, आणि जोडाक्षरांशिवाय मराठीचं पानही हलत नाही. ‘स्त’ लिहायला एम, डी, एल अशी बोटं पडतात. डीवरचं बोट उचलायच्या आत एल दाबला गेला आणि फर्मवेअरने डी ‘धरलेला’ मानला, की कंट्रोल-एल जातं आणि कर्सर थेट ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत पोचतो. ‘क्ल’ लिहिताना नवी खिडकी उघडते, ‘प्र’ लिहिताना डाउनलोडची यादी.

यावर नेहमी दोन सल्ले मिळतात. पहिला, टॅपिंग टर्म, म्हणजे बटण किती वेळ दाबलं की ‘धरलेलं’ मानायचं ती मुदत, वाढवा. क्यूएमकेमध्ये ती मुळात २०० मिलिसेकंद असते. वाढवली तर चुकून लागणारा कंट्रोल कमी होतो, पण हवा असलेला शिफ्टही उशिरा लागतो, आणि इन्स्क्रिप्टमध्ये ख, थ, भ, ण, ळ, श या सगळ्यांना शिफ्ट हवाच. दुसरा सल्ला कॉर्डल होल्डचा: दोन्ही बटणं एकाच हाताची असतील तर पहिलं बटण धरलेलं मानू नये. इंग्रजीसाठी हा नियम उत्तम. पण इन्स्क्रिप्टमध्ये हलन्त डावीकडे आणि म, न, व सोडले तर जवळपास सगळी व्यंजनं उजवीकडे. बहुतेक जोडाक्षरांत हात बदलतोच, त्यामुळे हा नियम इथे कामी येत नाही.

मराठीच्या थरावर मधल्या ओळीतली बटणं साधी ठेवा आणि शिफ्ट अंगठ्याला द्या. होम रो मॉड्स सोडवतच नसतील, तर क्यूएमकेमधला फ्लो टॅप किंवा झेडएमकेमधली ‘रिक्वायर प्रायर आयडल’ ही सोय लावा. आधीच्या बटणानंतर लगेच, साधारण १५० मिलिसेकंदांच्या आत दाबलेलं बटण अक्षरच मानायचं, असा तो नियम. हलन्त कायम व्यंजनाच्या पाठोपाठ येतो, म्हणून आपल्याला तो चपखल बसतो. मात्र शब्दाच्या मधोमध लागणारा शिफ्टही त्यात अडकतो, तेव्हा तो अंगठ्याकडेच हवा.

तार, बॅटरी आणि डायोड

यूएसबी जोडलेली असताना दोन तुकड्यांमधली टीआरआरएस तार काढू किंवा घालू नका. पिन सरकताना क्षणभर भलतीच टोकं एकमेकांना टेकतात आणि कंट्रोलर, म्हणजे फर्मवेअर चालवणारा छोटा बोर्ड, जळू शकतो. आधी यूएसबी काढा, मग तार. बिनतारी बांधणीत लिथियम बॅटरीच्या कनेक्टरवर डोळे झाकून विश्वास टाकू नका, कारण लाल-काळ्या तारांची बाजू सगळे विक्रेते सारखी ठेवत नाहीत. मल्टिमीटर लावून खात्री करा.

एकच बटण मुकं असेल तर स्विच काढून बघा, बहुतेक वेळा सॉकेटमध्ये जाताना पिन वाकलेली असते. पिन सरळ असेल तर त्या बटणाच्या डायोडवरची (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) रेघ सर्किटच्या पाटीवरच्या खुणेशी जुळते का ते तपासा. अख्खा उभा स्तंभ बंद असेल तर बहुधा कंट्रोलरच्या पिनचा टाका कच्चा असतो. झेडएमकेवर फक्त उजवा तुकडा यूएसबीने जोडला आणि काहीच उमटत नाही, तर घाबरू नका: बहुतेक बांधण्यांत संगणकाशी बोलतो तो डावा तुकडा.

मदत मागताना

‘कीबोर्ड चालत नाही’ एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही. पाटीच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, कंट्रोलरचं नाव, फर्मवेअर आणि कीमॅपची फाइल द्या. आणि तुम्ही इन्स्क्रिप्ट वापरता, तुमचा डी म्हणजे हलन्त आहे आणि त्यानंतरचं बटण बहुधा दुसऱ्या हाताचं असतं, हे पहिल्याच ओळीत लिहा. समोरच्याला देवनागरी येत नसली तरी तेवढ्यावरून त्याला नेमकी सेटिंग सांगता येते.