गॅस संपलाय हे देवाला सांगायचं का? सांगायचं, आणि कसं ते

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या की लोक सांगतात ऑपरेशन, कोर्टकेस, लग्न, नोकरी. गॅस संपलाय, पोरगी तीन दिवस डबा तसाच परत आणतेय, सासूबाईंशी परत वाजलंय, हे कोणी बोलत नाही, एवढ्यातेवढ्यासाठी देवाला कशाला त्रास असं वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण ज्याने आकाश आणि पृथ्वी केली त्यालाच आपण दर रविवारी "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हणतो ना, ते इतकं पाठ झालंय की लक्षच जात नाही. येशूनेच शिकवलेली प्रार्थना ती, बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकाचा ६ वा अध्याय काढून बघा, पापांची क्षमा नंतर येते, भाकर आधी.

म्हणून सुरुवात तिथूनच करा. सकाळी कणीक मळताना किंवा डबा भरताना ती एकच ओळ म्हणायची, आणि "आज" या शब्दावर थांबायचं, आज काय काय लागणार आहे ते सांगायचं. आजचंच हं. पुढच्या महिन्याचा ईएमआय डोक्यात येतोच, येऊ दे, पण तो पुढच्या महिन्यात मागू. निर्गम १६ मधे रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना नावाचं अन्न मिळायचं, ते माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, त्या दिवसापुरतं, आणि ज्यांनी उरवून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि वास सुटला. फक्त सहाव्या दिवशी डबल, कारण सातवा विसाव्याचा. चाळीस वर्षं हाच हिशेब. फ्रीज असलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा जडच जातं.

आता "माझी गोष्ट खूपच बारीक आहे" हा अडथळा. यावर माझं औषध म्हणजे चिमण्या. मत्तय १० मधे येशू म्हणतो दोन चिमण्या एका दमडीला, आणि लूक १२ मधे पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशेब करा, चार व्हायला हव्यात, पाचवी फुकट. भाजीवाली मेथी पालक घेतल्यावर वरून कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते तशी. आणि येशू म्हणतो त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही, म्हणजे त्या फुकटवालीचाही. तुमची विनंती कोथिंबिरीएवढी असली तरी चालेल, पुढे बोला.

बोलायचं कसं, तर घरात बोलता तसं. आपल्याकडे प्रार्थनेला उभं राहिलं की माणूस एकदम "हे परमदयाळू सर्वसमर्थ पित्या" सुरू करतो आणि खरं काय हवंय ते शेवटपर्यंत येतच नाही, उपासनेत ठीक आहे ते, ओट्यापाशी नको. पंडिता रमाबाई एवढ्या संस्कृतच्या विदुषी, पण केडगावच्या मुक्तीत, म्हणजे त्यांनीच निराधार बायकांसाठी काढलेल्या आश्रमात, त्यांनी बायबलचं भाषांतर करायला घेतलं ते साध्या बायकांना समजेल अशा मराठीत, मग आपण तरी जड भाषा कशाला? "प्रभू, आज लोकल मिळू दे आणि साहेबांसमोर माझा आवाज चढू नये" एवढं पुरे. नेमकं मागा. "सगळ्यांचं भलं कर" हे म्हणायला सोपं, पण त्यात कोणाचं नाव नसतं.

पण एक सांगते, देवाला कामाला लावल्यासारखं मागू नका. मला पार्किंग मिळू दे, आमच्या हळदीला पाऊस पडू नये वगैरे, अहो तुमच्या हळदीच्या दिवशी तिकडे कोणाचं सोयाबीन पावसावाचून वाळून चाललेलं असतं. मन मोकळं जरूर करा, ऑर्डर देऊ नका. आणि प्रार्थना केली म्हणून गोळ्या बंद करायच्या, अभ्यास सोडायचा, हे तर नाहीच नाही. प्रार्थना करायची आणि सिलेंडरही बुक करायचा.

खूप थकला असाल तर प्रार्थना राहू दे, आधी जेवा. खरंच. १ राजे १९ मधे एलीया झुडपाखाली बसून मला मरण दे म्हणतो, एवढा मोठा संदेष्टा. देवदूत येऊन काही उपदेश करत नाही, उठ आणि खा म्हणतो, उशाशी गरम भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, परत झोपतो, देवदूत परत उठवून परत खायला लावतो. मग कुठे तो चाळीस दिवस चालत होरेब डोंगरापर्यंत जातो. देव आपल्या शरीराची किती काळजी करतो हे कळायला मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, आणि योहान २१ मधली, पुनरुत्थान झालेला प्रभू किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासे भाजून रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना न्याहरीला बोलावतो.

मागितलेलं मिळालं नाही तर? होतं असं. पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूने प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख, टळू दे म्हटलं आणि तो टळला नाही. अशा वेळी देवावर चिडलात तरी ते त्यालाच सांगा, स्तोत्र १३ "किती वेळ" असंच विचारत सुरू होतं. हे प्रकरण मला अजून नीट पेललेलं नाही म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

रात्रीचं मात्र सोपं आहे, हे मी वसईच्या एका कॅथलिक मैत्रिणीकडून उचललं, त्यांच्याकडे संत इग्नेशियसपासून चालत आलंय. झोपायच्या आधी दिवस उलगडून बघायचा, कशाबद्दल थँक्यू म्हणावंसं वाटतंय, कुठे मी चुकले, उद्यासाठी काय हवंय. मी ते किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर दोन ओळीत लिहिते, म्हणजे साखर, तूरडाळ, आणि त्याच्यामागे "डबा आज रिकामा आला". मध्येच डोळा लागला तर अपराधी वाटून घेऊ नका, स्तोत्र १२७ मधे झोपही त्याचंच देणं म्हटलंय. राहिलेलं आमेन सकाळी चहाला म्हणा.