फ्रँचायझीचा करार शेवटून वाचायचा

गेल्या महिन्यात भाचा ३२ पानांचं पीडीएफ घेऊन आला. "मावशी, आइस्क्रीमची फ्रँचायझी घेतोय, शनिवारी सही आहे. तू एकदा नजर टाक ना." नजर टाकायला मीच का, तर सांगलीत विश्रामबागेत आम्ही नवरा-बायकोनं एका चहाच्या ब्रँडचं दुकान २६ महिने चालवलं आणि मग शटर ओढलं. हिशेबाची वही माझ्याकडे असायची. करार मात्र मी नीट वाचला तो दुकान बंद करायच्या आठवड्यात. तेव्हापासून एक सवय लागलीय: असा करार मागच्या पानांपासून वाचायला घ्यायचा. पुढे ब्रँडचं कौतुक असतं, बिनसल्यावर काय होणार ते मागे असतं.

म्हणून आधी 'टर्मिनेशन' शोधा. कोण कुणाला किती दिवसांच्या नोटिशीवर सोडू शकतं? आमच्या करारात कंपनीला १५ दिवस पुरत होते. आम्हाला मात्र पाच वर्षं सुटका नव्हती, मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांची रॉयल्टी, म्हणजे ब्रँडच्या नावापोटी कंपनीला द्यायचा विक्रीतला वाटा, एकरकमी भरायची. हे वाचून माझे पाय गळाले होते. नंतर एका वकिलांनी समजावलं की भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. त्याच्या आत जी वाजवी भरपाई असेल तेवढीच मिळते. पण ते सांगायला भांडायला लागतं, आणि भांडायचं कुठं? लवादाचं कलम पाहा. कंपनी गुरुग्रामची, लवाद गुरुग्रामला. आमचं डिपॉझिट एक लाख, तारखांना जाण्या-येण्यातच ते संपलं असतं. वर लवाद कोण हे एकटी कंपनी ठरवणार! अशी एकतर्फी नेमणूक चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलंय, तरी हे कलम अजून छापून येतं. ते बदलायला सांगा आणि लवादाचं ठिकाण आपल्या जिल्ह्याजवळ मागा.

त्याच पानांवर बहुतेक एक ओळ असते: करार संपल्यावर दोन वर्षं तोच धंदा करायचा नाही. करार चालू असताना अशी अट चालते, १९९५ साली गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तसं म्हटलंय. करार संपल्यानंतरची बंदी मात्र सहसा करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. यांनी भीतीपोटी वर्षभर वडापावचा गाडासुद्धा काढला नाही.

डिपॉझिट परत देण्याची ओळ तर बोट ठेवून वाचा. 'देणी वजा करून' एवढं लिहिलेलं असतं, किती दिवसांत ते नसतं. आमचं ११ महिन्यांनी आलं, तेही बोर्ड उतरवण्याचा खर्च कापून. हमीचे चेक कोरे देऊ नका. ते बाऊन्स झाले तर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फौजदारी होऊ शकते. द्यायचेच असतील तर चेक नंबर, रक्कम आणि कशाबद्दल, हे पत्रात लिहून कंपनीची पोच घ्या. बायकोची किंवा वडिलांची वैयक्तिक हमी मागितली असेल तर तेही इथंच कुठंतरी सापडेल.

मग मुदत. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि जागेचा लिव्ह अँड लायसन्स तीन वर्षांचा, ही आमची चूक. आधी जागामालकाशी पाच वर्षांचं बोलून, भाडेवाढ ठरवून तो करार नोंदवून घ्यायला हवा होता. अन्नपरवाना, झोमॅटो-स्विगीचं खातं, गुगल मॅपवरचा फोन नंबर कुणाच्या नावावर राहणार, हेही लिहून घ्या. आमचं दुकान बंद झाल्यावर गिऱ्हाईकांचे फोन कंपनीला जात होते, आणि कंपनी त्यांना मिरजेच्या दुकानाचा पत्ता देत होती.

आता पैसे. 'रॉयल्टी फक्त ५ टक्के' ऐकून बरं वाटतं. पण ५ टक्के कशाचे? नफ्याचे नव्हे, एकूण विक्रीचे. ॲपवरून आलेल्या ऑर्डरचं कमिशन कापून हातात जे पडतं त्यावर नव्हे, बिलावर. शिवाय रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी. खाण्यापिण्याचं दुकान ५ टक्के जीएसटीत चालत असेल तर इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, म्हणजे तो १८ टक्केही खिशातूनच. ५ चे ५.९ झाले. फ्रँचायझी फीलाही हेच लागू: चार लाख म्हणजे चार लाख बहात्तर हजार.

आमचा एक साधारण महिना वहीतून उतरवते. रोजची विक्री सहा हजार, महिन्याची १,८०,०००, जीएसटी सोडून. रॉयल्टी करासह १०,६२०. जाहिरात निधी २ टक्के, करासह ४,२४८. कंपनीचा माल आणि दूध मिळून ७५,६००. भाडं २८,०००. तीन पोरांचे पगार ४५,०००. गॅस, लाइट, किरकोळ १४,०००. उरले २,५३२. त्यात आम्हा दोघांचा पगार नाही, बँकेचा हप्ता नाही.

खरा चाप मालात होता. मसाला, पावडर, छापील कप, सगळं कंपनीकडूनच घ्यायचं, आणि किंमत 'कंपनी वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे'. हे 'वेळोवेळी' २६ महिन्यांत चारदा आलं. विक्रीची किंमतही कंपनीच ठरवणार, त्यामुळे माल वाढला तरी चहा वाढवता येईना. भाच्याला मी पहिलं हेच करायला लावलं: कंपनीची आजची दरयादी कराराला जोडून घे, वर्षाला जास्तीत जास्त किती टक्के वाढ ते लिहून घे. आणि यादीतल्या पाच वस्तू बाजारात विचारून ये. तो गणपती पेठेत फिरून आला तेव्हा जरा गप्प होता.

हद्दीचं कलम वाचताना शब्दांच्या व्याख्या उघड्या ठेवा. 'दोन किलोमीटरच्या आत दुसरं आउटलेट देणार नाही' असं आम्हाला लिहून मिळालं होतं. पुढं ७०० मीटरवर हॉस्पिटलच्या आवारात त्याच नावाचा किऑस्क उभा राहिला. व्याख्येप्रमाणे आउटलेट म्हणजे १५० चौरस फुटांच्या वरची जागा! किऑस्क, क्लाउड किचन (फक्त पार्सलचं स्वयंपाकघर), ऑनलाइन विक्री, सगळी नावं घेऊन हद्द लिहा.

सहीआधीचं काम करारात नसतं. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सहीच्या किमान १४ दिवस आधी ठरावीक माहितीचं दस्तऐवज द्यावंच लागतं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही, त्यामुळे माहिती आपणच मागायची. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर नाव टाका: खाद्यगृहाला वर्ग ४३, चहा-आइस्क्रीमला वर्ग ३०. 'रजिस्टर्ड' दिसतंय की 'ऑब्जेक्टेड', म्हणजे नोंदणीला हरकत आलेली? मालक कंपनी आहे की संचालक स्वतः? संचालकाच्या नावावर असेल तर कंपनीला ते नाव पुढं द्यायचा अधिकार कुठल्या कागदानं मिळाला, तो कागद मागा. शेवटी आपण नावाचेच पैसे देतो. ऑगस्ट २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सनं उत्तर आणि पूर्व भारतातल्या १६९ दुकानांचा फ्रँचायझी करार संपवल्याचं जाहीर केलं. तो वाद मे २०१९ मध्ये भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन मिटला. तिथं दोन्हीकडे वकिलांची फौज होती, आपल्याकडे ती नसते.

चालू दुकानदारांचे नंबर कंपनी आनंदानं देते. बंद पडलेले आपण शोधायचे. गुगल मॅपवर ब्रँडचं नाव टाकलं की 'कायमचे बंद' लिहिलेली दुकानं दिसतात. शेजारच्या पानवाल्याला, झेरॉक्सवाल्याला विचारा. माणूस सापडला की मोकळेपणानं बोलतो, मीही बोलते.

आणि ते व्हॉट्सॲपवर आलेलं रंगीत पत्रक, '१८ महिन्यांत भांडवल परत'. करारात मागे कुठंतरी लिहिलेलं असतं की या कागदाबाहेरचं कुठलंही बोलणं बंधनकारक नाही. फसवून सही घेतली तर करार रद्द करता येतो, हे करार कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे. पण त्यालाच अपवाद जोडलाय: चुकीची माहिती दिली होती, तरी नेहमीच्या सावधपणानं खरं काय ते तुम्हाला कळू शकलं असतं, तर तो हक्क जातो. म्हणून प्रश्न ई-मेलनं विचारा, उत्तर ई-मेलनंच मागा. पत्रकातला आकडा खरा असेल तर करारात घालायला त्यांची हरकत नसावी.

भाच्यानं पाच बदल कळवले. डिपॉझिट ४५ दिवसांत परत, दरयादी जोडणं आणि किऑस्कची हद्द, एवढं मान्य झालं. ९० दिवसांच्या नोटिशीवर बाहेर पडणं आणि सांगलीतला लवाद नाकारला. सही पुढं ढकललीय. पत्रकात रोजची १२० बिलं धरलीत, म्हणून तो सध्या मिरजेतल्या त्यांच्याच दुकानासमोर वही घेऊन बसतो. काल दुपारी बारा ते रात्री दहापर्यंत ६४ झाली.